याद्यांत उरलेली माणसे



राजांच्या वंशावळी शोधाव्या लागत नाहीत. त्या लिहून ठेवण्यासाठी राजांनी माणसेच पदरी बाळगलेली असतात. शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. तो कोणत्या गावाहून निघाला, वाटेत त्याची किती मुले दगावली, त्याच्या बायकोचे माहेर कोणते, हे लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नाही. त्याचे नाव कागदावर चढते ते कोणाला तरी त्याच्याकडून काही वसूल करायचे असते तेव्हा, किंवा त्याला उचलून दुसरीकडे टाकायचे असते तेव्हा.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत जर्मन प्रदेशांतून रशियात शेती करण्यासाठी गेलेल्या कुटुंबांचे वंशज आज जर्मनी, रशिया, कझाकस्तान, अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, ब्राझील अशा देशांत विखुरलेले आहेत. त्यांतले असंख्य लोक आपल्या पूर्वजांचा माग काढण्यात गुंतलेले असतात. अमेरिकेत १९६८ मध्ये आणि उत्तर डाकोटातील बिस्मार्क येथे १९७१ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाल्या. वरवर पाहता हा निवृत्त माणसांच्या हौसेचा उद्योग वाटतो. परंतु या शोधात प्रत्येक पायरीवर जो कागद हाती लागतो, तो कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला, असा प्रश्न विचारला की राज्यसत्ता आणि कष्टकरी माणूस यांच्यातील अडीचशे वर्षांचा व्यवहार उलगडू लागतो. येथे विचार करायचा आहे तो त्या व्यवहाराचा.

१७६२ मध्ये नवऱ्याला पदच्युत करून रशियाच्या गादीवर बसलेली दुसरी कॅथरीन ही स्वतः एका जर्मन संस्थानिक घराण्यातली मुलगी. व्होल्गा नदीच्या खालच्या अंगाला पसरलेले गवताळ रान तिला नांगराखाली आणायचे होते. तेथे रशियन शेतकरी नेऊन वसवणे अवघड होते, कारण त्यांतले लक्षावधी लोक जमीनदारांच्या मालकीचे भूदास होते. त्यांना हलवायचे म्हणजे सरदारवर्गाच्या मालमत्तेला हात घालायचा. तेव्हा परदेशातून माणसे बोलवावीत असा मार्ग निघाला. जुन्या पंचांगाप्रमाणे २२ जुलै १७६३ रोजी निघालेल्या जाहीरनाम्यात येणाऱ्यांना धर्मस्वातंत्र्य, सैन्यभरतीतून कायमची सूट, ओसाड जागी वसाहत केल्यास तीस वर्षे करमाफी, बिनव्याजी कर्ज आणि गावकारभारात स्वायत्तता अशी आश्वासने होती. पुढच्या वर्षीच्या कायद्याने दर कुटुंबामागे तीस देसियातिना, म्हणजे सुमारे ऐंशी एकर जमीन ठरवण्यात आली. आपल्या घरच्या भूदासाला जे स्वप्नातही मिळाले नसते, ते राज्य परक्या शेतकऱ्याला देऊ करत होते. या विसंगतीची किंमत पुढे कोणी मोजली, ते यथाक्रम येईलच.

सात वर्षांचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा हेसेन, पफाल्त्स आणि ऱ्हाइनकाठचे मुलूख पुरते नागवले गेले होते. सैन्ये आली नि गेली. त्यांची रसद, त्यांचा दाणागोटा, त्यांचे कर शेतकऱ्याच्या डोक्यावर राहिले. वाटणी होत होत जमिनीचे तुकडे पोट भरण्याइतकेही उरले नव्हते. अशा वेळी रशियन दरबाराचे दलाल गावोगाव फिरू लागले. त्यांत सरकारी होते तसे डोईवर मोबदला ठरवून घेतलेले खाजगी ठेकेदारही होते. वसाहतीसाठी कुटुंब हवे, एकटा माणूस नको, अशी अट असल्यामुळे निघणाऱ्यांनी वाटेतच लग्ने उरकली. हेसेनमधील ब्यूडिंगेन या छोट्या शहरात १७६६ च्या फेब्रुवारी ते जुलै या काळात अशा ३७५ जोडप्यांची लग्ने लागली. त्या चर्चची विवाहनोंदवही आज या शोधातील एक मोठा आधार आहे, कारण वधू आणि वर कोठले, हे तीत लिहिलेले आहे. ज्या लग्नांत प्रेमापेक्षा रशियाचा भत्ता अधिक बोलत होता, त्या लग्नांची नोंद वंशजांना सर्वांत विश्वासार्ह वाटावी, हाही एक योग म्हणायचा.

सगळेच काही नोंदवहीत शिरून गेले नाहीत. हेसेनसारख्या प्रदेशांत शेतकऱ्याला मुलूख सोडायचा तर राजाची परवानगी लागे, दास्यमुक्तीचे शुल्क लागे, चीजवस्तूचा काही भाग सरकारजमा करावा लागे. ज्यांनी हे भरले त्यांची नावे संस्थानी दप्तरांत आहेत. ज्यांच्यापाशी भरायला काही नव्हते ते रातोरात निघून गेले. स्थलांतर वाढले तसे राजेही धास्तावले आणि १७६८ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने असे स्थलांतर बेकायदा ठरवले. म्हणजे मूळ गावचा कागद आज ज्याला सापडतो, त्याचा पूर्वज थोडाबहुत ऐपतीचा असण्याचा संभव अधिक. अगदी निर्धनाचा माग सरहद्दीवरच पुसला जातो. काही कुटुंबांचा माग तर भलतीकडेच वळतो. ती आधी डेन्मार्कच्या राजाच्या बोलावण्यावरून जटलंडच्या रेताड माळावर गेली होती. तेथे पीक येईना म्हणून रशियाच्या वाटेला लागली.

ल्यूबेक बंदरातून जहाजे निघत आणि सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओरानियनबाउम येथे माणसे उतरवली जात. तेथे इव्हान कूलबेर्ग नावाच्या अधिकाऱ्याने १७६६ मध्ये आलेल्यांच्या याद्या केल्या. तेथेच राणीशी निष्ठेची शपथ घेतली जाई आणि तेथेच अनेकांचा भ्रमही फिटे. आलेल्यांत विणकर होते, चांभार होते, खाटीक होते, सैन्यातून सुटलेले शिपाई होते. आपापला धंदा करता येईल असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात बहुतेकांना शेतीच करावी लागेल असा हुकूम झाला. गेरा गावचा क्रिस्टियान गोटलोब त्स्युगे हा विणकराचा कारागीर असाच व्होल्गेवर जाऊन अडकला, पुढे कसाबसा परतला आणि १८०२ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. त्याच्यासारखा लिहिणारा विरळा. बाकीच्यांविषयी बोलतात त्या याद्याच. ओरानियनबाउमच्या यादीत असलेली अनेक नावे पुढच्या यादीत नाहीत. नद्यांतून आणि बर्फातून महिनोन् महिने चाललेल्या त्या प्रवासात दहांत एकाहून अधिक माणसे मेली. दोन याद्या शेजारी ठेवून कोणते मूल गळले हे आज मोजता येते. त्या मुलांचे याहून दुसरे स्मारक नाही.

१७६४ ते १७७२ या काळात व्होल्गेच्या दोन्ही तीरांवर शंभराहून थोडी अधिक गावे वसली. जाहीरनाम्याला भुलून रशियात आलेल्यांची संख्या तीस हजारांच्या घरात होती. १७६७ मध्ये या गावांतील प्रत्येक कुटुंबाची पहिली मोजणी झाली, आणि सारातोवचे इतिहासकार इगोर प्लेवे यांनी ती १९९९ पासून चार खंडांत प्रसिद्ध केली. तिच्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, धर्मपंथ, मूळ ठिकाण, पूर्वीचा धंदा, बायकामुलांची वये आणि गावात येऊन पोहोचल्याची तारीख आहे. त्याच्याच पुढे त्याला सरकारातून मिळालेले रुबल, घोडे, गाय अशी नोंद आहे. हा रकाना पाहिला की यादीचे खरे स्वरूप कळते. ती कर्जखात्याची वही आहे. पूर्वजांचे पहिले दर्शन वंशजाला होते ते ऋणको म्हणून! आणि हे कर्ज ठरल्या मुदतीत फिटलेही नाही. पहिली काही वर्षे अवर्षणाची, बियाणे उशिरा पोहोचलेले, घरे बांधायला लाकूड नाही, म्हणून कित्येकांनी पहिला हिवाळा जमिनीत खड्डा खणून त्यावर छप्पर घालून काढला. १७७४ मध्ये पुगाचोवच्या बंडाची धाड या गावांवरून गेली. त्याच सुमारास पूर्वतीरावरच्या गावांवर गवताळ प्रदेशातल्या भटक्या टोळ्यांचे छापे आले, आणि शेकडो माणसे धरून नेऊन गुलामांच्या बाजारात विकली गेली. ज्या गवतावर या टोळ्यांची गुरे पिढ्यान् पिढ्या चरत आली होती, त्याच गवताची जमीन राणीने परक्यांना वाटली होती, हेही येथे विसरून चालत नाही.

या दप्तरांतून वाट काढणे सोपे नाही. रशियन लिपीत 'ह' या उच्चारासाठी अक्षर नाही, म्हणून हॉफमानचा गोफमान होतो आणि हाइनरिखचा गेनरिख. लिहिणारा कारकून कानाने ऐकून लिहितो, शेतकरी आपल्या बोलीत सांगतो, आणि मूळ गावाऐवजी यादीत कधी नुसते संस्थानाचे नाव येते. गावांची नावे तर दुहेरी-तिहेरी. १७६८ मध्ये सरकारने सर्व वसाहतींना रशियन नावे दिली, पण लोक आपली नावे सोडीनात. राणीच्या नावाने वसलेले काथारिनेनश्टाट हेच तेथल्या ठेकेदार बॅरनमुळे बारोन्स्क, आणि हेच क्रांतीनंतर मार्क्सश्टाट. एकाच गावात एकाच नावाची दहा माणसे असत, म्हणून घराण्यांना टोपणनावे पडत. ही टोपणनावे गावात सर्वांना ठाऊक आणि सरकारी कागदांत कोठेच नाहीत.

सर्वांत अधिक हरवतात त्या बाया. १८११ च्या शिरगणतीत फक्त पुरुष मोजले गेले, कारण कर आणि जमीन दोन्ही पुरुषांच्या डोक्यावर ठरत. १७९८ ची शिरगणती मात्र अपवादात्मक आहे. तीत प्रत्येक विवाहित स्त्रीचे माहेरचे नाव आणि बहुतेक ठिकाणी ती कोणत्या वसाहतीतून आली हे लिहिलेले आहे. त्यामुळे व्होल्गेच्या घराण्यांचा अभ्यास करणारे लोक या एका वर्षाच्या कागदांना जीव की प्राण मानतात. एका वर्षी कोणा अधिकाऱ्याला एक रकाना अधिक घालावासा वाटला, आणि निम्म्या पूर्वजांना नाव मिळाले.

पुरुषांची डोकी मोजण्यामागचे कारण जमिनीच्या व्यवस्थेत होते. व्होल्गेकाठच्या वसाहतींनी कालांतराने रशियन खेड्यांची सामूहिक पद्धत स्वीकारली. जमीन गावाची, ठराविक वर्षांनी तिची नव्याने वाटणी, आणि वाटणीचे परिमाण म्हणजे कुटुंबातील पुरुष. मुलगा झाला की वाटा वाढे. जर्मन माणूस म्हणजे जात्या खाजगी मालकीचा भोक्ता, असे म्हणणाऱ्यांनी या गावांकडे पाहावे. या व्यवस्थेत भूमिहीन कोणी होत नसे, पण लोकसंख्या वाढे तसा प्रत्येकाचा वाटा आक्रसत जाई. याउलट, पहिल्या अलेक्झांडरच्या १८०४ च्या धोरणानंतर काळ्या समुद्राच्या उत्तरेला, ओडेसाच्या आसपास वसलेल्या गावांत शेत अखंड राही आणि ते एकाच वारसाकडे जाई. तेथे एकीकडे सधन शेतकरी उभा राहिला आणि दुसरीकडे त्याच्याच भावांचा भूमिहीन वर्ग. दक्षिणेतील मेनोनाइट पंथीयांच्या वसाहतींत तर भूमिहीनांचा लढा सरकारदरबारापर्यंत गेला. 'आमचे सगळे पूर्वज कसे सुखी नि एकदिलाने राहत,' असे वर्णन घराण्यांच्या स्मरणिकांतून नेहमी वाचायला मिळते. ते या दप्तरांपुढे टिकत नाही.

१८७१ मध्ये वसाहतींचा वेगळा दर्जा गेला आणि १८७४ मध्ये सक्तीची सैन्यभरती त्यांनाही लागू झाली. कायमचे म्हणून दिलेले आश्वासन शंभर-सव्वाशे वर्षांत संपले. माणसे पुन्हा चालू लागली, या वेळी कान्सास, नेब्रास्का, डाकोटा आणि अर्जेंटिनाकडे. हॅम्बुर्ग बंदरातील प्रवाशांच्या याद्या या टप्प्याच्या शोधात उपयोगी पडतात. अमेरिकेत गेलेल्यांना गव्हाची शेते मिळाली ही कथा खरी, पण अपुरी. पुष्कळ व्होल्गावासी कोलोराडो आणि नेब्रास्कात साखर-बीटच्या शेतांत अंगावर काम घेणारे मजूर झाले. काम सबंध कुटुंबाचे असल्यामुळे सहा-सात वर्षांची पोरेही बीट उपटत आणि तासत. ल्युइस हाइन या छायाचित्रकाराने १९१५ मध्ये कोलोराडोतील या बालमजुरांची छायाचित्रे टिपली. पूर्वजांचे चेहरे प्रथम दिसतात ते अशा ठिकाणी.

मागे राहिलेल्यांच्या वाट्याला महायुद्ध आणि १९१५ चे जमीनजप्तीचे कायदे आले, नंतर क्रांती. १९ ऑक्टोबर १९१८ च्या, लेनिनच्या सहीच्या आदेशाने व्होल्गा-जर्मनांची स्वायत्त श्रमिक कम्यून स्थापन झाली. तिच्या उभारणीचे काम अर्न्स्ट रॉयटर या जर्मन युद्धकैद्याकडे सोपवले गेले होते. हाच रॉयटर पुढे कम्युनिस्टांपासून दूर होऊन सामाजिक लोकशाहीवादी झाला आणि १९४८ च्या नाकेबंदीत पश्चिम बर्लिनचा महापौर म्हणून स्टालिनच्या विरोधात उभा राहिला. १९२४ मध्ये कम्यूनचे स्वायत्त प्रजासत्ताक झाले. शाळा, वृत्तपत्रे, न्यायालय आपल्या भाषेत चालावे हे स्वप्न तेथे काही काळ खरोखर उतरले होते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण त्याच काळात सक्तीची धान्यवसुली होती, १९२१-२२ चा भीषण दुष्काळ होता, आणि पुढे सामुदायिक शेतीची सक्ती व १९३२-३३ ची उपासमार होती.

या काळात एका माणसाने पूर्वजांच्या शोधाची निराळीच वाट काढली होती. सारातोव विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ गेओर्ग डिंगेस हा स्वतः वसाहतीतला. जर्मनीत गेओर्ग वेंकरने चाळीस वाक्ये शाळामास्तरांकडे पाठवून बोलींचा नकाशा तयार केला होता. डिंगेसने व्होल्गेच्या गावांतून तशाच प्रश्नावल्या भरून आणल्या. 'आपफेल'ला 'आपेल' कोण म्हणतो, 'फेस्ट'ला 'फेश्ट' कोण म्हणतो, हे गाववार मांडायचे आणि जर्मन नकाशाशी ताडून पाहायचे. याद्यांत जे सांगितले गेले नाही ते लोकांच्या जिभेवर दीडशे वर्षे टिकून होते. बहुतेक गावांची बोली हेसेन आणि पफाल्त्सकडे बोट दाखवत होती. या संपूर्ण कथेत, कोणाकडून काही वसूल न करता गोळा केलेली अशी ही जवळजवळ एकमेव माहिती. १९३० मध्ये डिंगेसला अटक झाली आणि १९३२ मध्ये सायबेरियातील हद्दपारीत तो मरण पावला. त्याच्या साहित्यावर आधारलेला व्होल्गा-जर्मन बोलींचा नकाशासंग्रह १९९७ मध्ये जर्मनीत छापला गेला.

२८ ऑगस्ट १९४१ रोजी, हिटलरच्या आक्रमणानंतर दोन महिन्यांनी, सर्वोच्च सोव्हिएतच्या अध्यक्षमंडळाचा हुकूम निघाला. व्होल्गेकाठच्या जर्मनांत हजारो, दहा-दहा हजारांनी घातपाती व हेर दडलेले असून कोणीही त्यांची खबर दिली नाही, म्हणून सबंध लोकसमूह हलवण्यात येत आहे, असे त्यात म्हटले होते. १९३९ च्या जनगणनेत प्रजासत्ताकात ३,६६,६८५ जर्मन होते. शेजारचे सारातोव आणि स्टालिनग्राड प्रांत धरून चार लाखांहून अधिक माणसे सप्टेंबरच्या काही आठवड्यांत आगगाड्यांत भरून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. प्रत्येक कुटुंबाचे कार्ड भरण्यात आले. पक्षाचे सभासदही सुटले नाहीत. सूट होती ती एका प्रकारच्या कुटुंबांना: नवरा जर्मन नसेल आणि बायको जर्मन असेल तर. वंश बापाकडून मोजण्याची ही रीत जारच्या शिरगणतीतून कामगारांच्या राज्याने जशीच्या तशी उचलली होती. १९४२ मध्ये आधी पुरुष आणि मग स्त्रियाही 'श्रमसेने'त, म्हणजे तारांच्या कुंपणाआडच्या वेठीला जुंपल्या गेल्या. तीन वर्षांखालील मूल असलेल्या बाईला सूट होती. मूल चार वर्षांचे असेल तर ते दुसऱ्याच्या स्वाधीन करून तिने जायचे. १९४८ च्या हुकुमाने ही हद्दपारी कायमची ठरली आणि पळून जाणाऱ्याला वीस वर्षांची सक्तमजुरी. दर महिन्याला ठाणेदारापुढे सही करण्याची सक्ती १९५५ च्या अखेरीस उठली, तरी घरी परतण्याचा हक्क मिळाला नाही. आरोप निराधार होते ही कबुली १९६४ मध्ये देण्यात आली, आणि राहण्याच्या जागेवरचे निर्बंध १९७२ मध्ये हटले. प्रजासत्ताक परत मिळाले नाहीच. १९४१ चे ते कुटुंबकार्ड आणि नंतरची ठाण्यातली फाईल मात्र शिल्लक राहिली. आजोबा कोठे मेले याचे उत्तर बहुधा त्याच फायलीत असते.

काळ्या समुद्राकडच्या गावांत याच्या उलट घडले, आणि शोधाचा सर्वांत अवघड भाग तोच आहे. तेथे हद्दपारीच्या आधी जर्मन सैन्य पोहोचले. सैन्यामागोमाग कार्ल श्टुम्प नावाच्या संशोधकाची खास तुकडी आली. हा मनुष्य ओडेसाजवळच्याच एका वसाहतीत जन्मलेला. व्यापलेल्या पूर्वेच्या मंत्रालयासाठी त्याने गावागावाचे अहवाल तयार केले. कुटुंबे किती, वंशाने शुद्ध कोण, मिश्रविवाह कोणाचे, असा तपशील त्यात होता. त्याचा वरिष्ठ गेओर्ग लाइबब्रांट हाही वसाहतीतलाच. ज्यूंच्या संहाराची आखणी करणारी जी बैठक २० जानेवारी १९४२ रोजी वानझे येथे झाली, तिला हा लाइबब्रांट हजर होता. त्याच हिवाळ्यात आणि वसंतात बेरेझोव्का भागात हजारो ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्या घालणाऱ्यांत एसएसने उभारलेल्या स्थानिक जर्मनांच्या 'स्वसंरक्षक' तुकड्या होत्या. गावातली तरणी पोरे होती ती.

युद्धानंतर श्टुम्पने आपली माहिती एकत्र करून १७६३ ते १८६२ या काळातील स्थलांतराचा जाडजूड ग्रंथ १९७० च्या दशकात प्रसिद्ध केला. हजारो कुटुंबांची नावे, मूळ गावे, पोहोचलेली वसाहत असा त्याचा विस्तार आहे, आणि अमेरिकेत पूर्वज शोधणाऱ्या घराघरांत तो पोहोचला. त्याच्या लेखकाच्या युद्धकाळातील कामगिरीची चर्चा तेथे बरीच वर्षे कोणी केली नाही. सन २००० च्या सुमारास, वसाहतींच्याच वंशजांपैकी काही इतिहासकारांनी कागद पुढे ठेवून ती केली, तेव्हा पुष्कळांना ते रुचले नाही. ग्रंथ उपयोगी आहे म्हणून लेखकाचे वर्तन बाजूला ठेवावे, हा युक्तिवाद त्या वेळी झाला. तो मान्य करता येत नाही. ग्रंथ वापरू नये असे कोणीच म्हणत नाही. पण ज्या नजरेने ती नावे गोळा झाली, ती नजर माहीत असल्याशिवाय यादीत कोण आहे आणि कोणाला वगळले आहे हे कळणार कसे? त्या गावांतून ज्यू बायका, ज्यू जावई होते. जर्मन वंशावळीत ते कोठे बसवायचे?

१९४३-४४ मध्ये जर्मन सैन्य मागे हटले तेव्हा सुमारे साडेतीन लाख जर्मन भाषिक त्याच्याबरोबर पश्चिमेकडे नेले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना, पोलिश शेतकऱ्यांना हुसकून मोकळ्या केलेल्या घरांत वसवले गेले. तेथे नागरिकत्व देणाऱ्या नाझी कचेरीने प्रत्येकाची फाईल केली: आजे-पणजे, छायाचित्र, आणि अर्जदाराला न दाखवलेली वांशिक प्रतवारी. वंशशास्त्राच्या त्या वेडापायी पूर्वजांची इतकी तपशीलवार नोंद झाली की या कागदांसारखे साधन शोधणाऱ्याला दुसरे नाही. अमेरिकन सैन्याच्या हाती लागलेल्या या फायलींच्या सूक्ष्मचित्रफिती अमेरिकेच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. फायलीतले छायाचित्र पाहून नातवाच्या डोळ्यांत पाणी येते, ते खोटे नाही. त्या छायाचित्राशेजारच्या रकान्यात दिलेला दर्जा वाचून त्याने काय करावे, हे मात्र कोणी सांगू शकत नाही. १९४५ नंतर त्यांतले सुमारे दोन लाख लोक सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शोधून काढले आणि सायबेरियाकडे रवाना केले. एका सत्तेची यादी दुसऱ्या सत्तेच्या यादीला येऊन मिळाली.

हे सारे जुने झाले असे म्हणण्याची सोय नाही. सोव्हिएत ओळखपत्राच्या पाचव्या रकान्यात 'जर्मन' असे लिहिलेले असे. शाळेत त्यावरून पोरांना 'फॅसिस्ट' म्हणून हिणवले जाई आणि वरच्या शिक्षणाची दारे बंद होत. १९८० च्या दशकाअखेरीस सरहद्द उघडली तेव्हा तोच रकाना जर्मनीच्या दारावरचा परवाना ठरला. माजी सोव्हिएत प्रदेशांतून वीस लाखांहून अधिक माणसे जर्मनीत गेली. त्यांना जर्मन वंश कागदाने सिद्ध करावा लागे, आणि १९९६ पासून भाषेची परीक्षाही आली. ज्या भाषेच्या शाळा १९४१ मध्ये बंद पडल्या, जी बसमध्ये बोलण्याची पिढ्यान् पिढ्या भीती होती, ती येत नाही म्हणून अर्ज फेटाळले गेले. आणखी एक विचित्र गोष्ट: नाझी काळात दिलेले नागरिकत्व १९५५ च्या पश्चिम जर्मन कायद्याने ग्राह्य धरले. म्हणून काळ्या समुद्राकडच्या ज्या आजोबाची फाईल त्या कचेरीत झाली, त्याच्या नातवाचा दावा भक्कम. व्होल्गेच्या ज्या आजोबाला स्टालिनने त्याआधीच उचलून नेले, त्याच्या नातवाला तसा आधार नाही, त्याने वेगळ्या रांगेत उभे राहायचे. कझाकस्तानातल्या एखाद्या म्हातारीने पत्र्याच्या डब्यात जपलेला बाप्तिस्म्याचा जीर्ण दाखला हा अशा वेळी घराण्याच्या अभिमानाचा प्रश्न राहत नाही. तिची नातवंडे कोणत्या देशात राहतील ते त्यावर ठरते.

व्होल्गेकाठच्या एंगेल्स शहरातील दप्तरखाना सोव्हिएत राजवटीच्या शेवटच्या वर्षांपर्यंत या वंशजांना बंद होता. तो उघडल्यावर नव्वदीच्या दशकात आणि पुढे गावोगावच्या शिरगणत्या, चर्चच्या नोंदवह्या बाहेर आल्या, त्यांच्या नकला अमेरिकेत नि जर्मनीत पोहोचल्या. लूथरपंथीयांच्या १८३३ ते १८८५ पर्यंतच्या नोंदींच्या दुसऱ्या प्रती सेंट पीटर्सबर्गला होत्या, म्हणून जेथे गावातली वही जळाली तेथेही माग लागतो. दक्षिणेत ही साखळी तुटते आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. खेर्सोन शहर सोडून जाताना, त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, रशियन सैन्याने तेथील सरकारी दप्तरखान्यातील कागदपत्रांचा फार मोठा भाग गाड्यांत भरून नेला. काळ्या समुद्राच्या प्रदेशात वसाहती वसवल्या गेल्या त्या काळाचे दप्तर त्यात होते.